मॉड आणि सामायिक डाव: डावपेचांच्या संगणक-खेळांतील एका वादाचा आढावा

राज्ये वसविणे, सैन्ये उभारणे, व्यापार आणि मुत्सद्देगिरी चालविणे अशा दीर्घ विचाराच्या संगणक-खेळांत खेळाडूंनी स्वतः मूळ नियम, आकडे, नकाशे आणि चित्रे बदलून तयार केलेल्या मॉडांना गेली तीस वर्षे मोठे मानाचे स्थान मिळत आले आहे. एकट्याने खेळताना या मॉडांविषयी फारशी तक्रार उद्भवत नाही. आपल्या संगणकावरील आपल्या राज्यात खेळाडूने कोणता कायदा चालवावा, हा सर्वस्वी त्याच्या मर्जीचा भाग असतो. परंतु तोच खेळ दोघाचौघा मित्रांनी, किंवा परस्परांचे तोंडही न पाहिलेल्या आठ जणांनी एकत्र खेळावयाचा ठरविला, की नियमांची कोणती प्रत सर्वांस बंधनकारक मानावयाची, ती कोणी पुरवावयाची आणि कोणी तपासावयाची, आणि अशा बदललेल्या खेळाची मालकी अखेर कोणाकडे जाते, हे प्रश्न एकापाठोपाठ एक उभे राहतात. या प्रश्नांवर निर्माते, मॉड रचणारे आणि स्पर्धात्मक खेळाडू यांच्यात जो विचारविनिमय आणि प्रसंगी जो तंटा चालत आला, तो आज कोठवर येऊन ठेपला आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

१९९६ साली मायक्रोप्रोझ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या 'सिव्हिलायझेशन २' या खेळाचे बहुतेक नियम साध्या मजकुराच्या एका फाइलीत लिहिलेले होते. कोणत्या पथकाचे बळ किती, कोणती विद्या हस्तगत होण्यापूर्वी कोणती विद्या अवगत असली पाहिजे, कोणत्या इमारतीस किती खर्च पडतो, हे सारे ज्याला वाचता येते त्याला बदलताही येत असे. त्यासाठी प्रोग्रॅमिंगचे ज्ञान लागत नसे. परिणामी प्राचीन रोमपासून काल्पनिक ग्रहांपर्यंत नानाविध प्रसंगांवर आधारलेले डाव खेळाडूंनी रचले. तथापि मूळ खेळात अनेकांनी एकत्र खेळण्याची सोय नव्हती. ती १९९८ च्या आवृत्तीत आली. म्हणजे मॉडांची परंपरा येथे प्रथम एकांतात वाढली आणि सहखेळ तिच्या शेजारी मागाहून येऊन बसला. या क्रमाचा परिणाम पुढील अनेक खेळांच्या रचनेवर झाला असे मला वाटते.

१९९५ च्या अखेरीस डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी 'फ्रीसिव्ह' या मुक्त खेळाचा आरंभ केला, आणि त्यांचा क्रम नेमका उलटा होता. त्यांनी जाळ्यावरून एकत्र खेळणे हेच मूळ धरले, सर्व्हर आणि खेळाडूचा प्रोग्रॅम असे दोन स्वतंत्र भाग केले, आणि नियमसंच सर्व्हरच्या ताब्यात ठेवला. खेळाडू सर्व्हरला जोडला गेला की तेथील नियमांची माहिती त्याच्या प्रोग्रॅमकडे आपोआप येते, त्यामुळे नियम बदललेले असले तरी पाहुण्याला वेगळी तजवीज करावी लागत नाही. आजही या वादात ज्या उपायांची चर्चा होते, त्यांपैकी एक महत्त्वाचा उपाय आरंभीच, कोणताही गाजावाजा न होता, सिद्ध झालेला होता हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

व्यापक प्रसार मात्र ब्लिझर्डच्या खेळांनी केला. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'सोबत नकाशे रचण्याचे साधन दिलेले होते. २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३'सोबत आलेला 'वर्ल्ड एडिटर' त्याहून कितीतरी समर्थ निघाला, कारण त्यात भूभागाबरोबर पथके, शक्ती, घटना आणि त्यांना चालविणारी लिपी (स्क्रिप्ट) हीही लिहिता येई. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे सर्व नकाशाच्या एकाच फाइलीत सामावत असे, आणि डाव मांडणाऱ्या होस्टकडे येणाऱ्या ज्या खेळाडूकडे ती फाइल नसे त्याला ती डावापूर्वीच्या लॉबीतच पाठविली जाई. मॉड शोधावयाचा, उतरवून घ्यावयाचा, योग्य जागी ठेवावयाचा, ही सारी यातायात त्यामुळे संपली. 'स्टारक्राफ्ट'मधील 'एऑन ऑफ स्ट्राइफ' या नकाशाच्या कल्पनेवरून यूल या टोपणनावाच्या रचनाकाराने २००३ च्या सुमारास 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स' रचला. पुढे इतरांनी त्याची रूपांतरे केली, त्यांतले 'ऑलस्टार्स' हे स्टीव्ह फीक यांनी सांभाळले आणि नंतर ते आइसफ्रॉग या टोपणनावाच्या व्यक्तीकडे गेले. वेतन नाही, करारनामा नाही, कचेरी नाही. तरीही एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या या नकाशातून पुढे एक संपूर्ण खेळप्रकार जन्मास आला, आणि २००९ चा 'लीग ऑफ लेजेंड्स' व २०१३ चा 'डोटा २' हे त्याच कुळातले होत.

सिव्हिलायझेशनच्या मालिकेत २००५ चा चौथा भाग मॉडांच्या दृष्टीने सर्वांत उदार ठरला. सोरेन जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली रचलेल्या या खेळात नियम एक्सएमएल फाइलींत आणि बरेचसे व्यवहार पायथॉनमध्ये लिहिलेले होते; पुढल्याच वर्षी खेळाच्या गाभ्याचा सी प्लस प्लस भाषेतील मजकूरही खेळाडूंच्या हाती देण्यात आला. 'फॉल फ्रॉम हेवन'सारखे मॉड यातूनच उभे राहिले, आणि २००७ च्या 'बियाँड द स्वोर्ड' या विस्तारात चाहत्यांनी रचलेले मॉड अधिकृतपणे समाविष्ट झाले. २०१० च्या पाचव्या भागाचे नेतृत्व जॉन शेफर यांच्याकडे होते, जे स्वतः मॉड रचणाऱ्यांच्या वर्तुळातून आलेले. पण या भागात मॉडांच्या दालनातून गेलेल्या खेळाडूला फक्त एकट्याने खेळता येई, सहखेळाचे दार त्याला बंद होते. खेळाडूंनी त्यावर तोड काढली ती अशी, की मॉडांना अधिकृत विस्ताराचे रूप देऊन खेळाच्या फोल्डरात बसवावयाचे, म्हणजे खेळ त्यांना मॉड न समजता स्वतःचाच भाग समजतो. वर्षानुवर्षे असंख्य मंडळी याच आडवाटेने एकत्र खेळली. २०१६ च्या सहाव्या भागात सहखेळातही मॉडांना मुभा मिळाली.

मेळाचा प्रश्न

वादाचे पुढले सारे मुद्दे एका तांत्रिक वस्तुस्थितीतून निघतात, म्हणून तिचे विवेचन येथे थोडे विस्ताराने करणे अवश्य आहे. १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स'च्या रचनाकारांपुढे अडचण अशी होती की, खेळाडूच्या घरी २८.८ किलोबिटांचा मोडेम, आणि रणांगणावर शेकडो, वेळप्रसंगी हजारावर पथके. प्रत्येक पथकाचे स्थान दर क्षणी सर्वांना कळविणे त्या वाटेने शक्यच नव्हते. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये मांडलेल्या निबंधात यावरचा उपाय वर्णिला आहे, आणि त्या निबंधाच्या शीर्षकात दीड हजार तिरंदाजांचा उल्लेख आहे तो याच कारणाने. उपाय असा, की जाळ्यावरून फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवावयाचे. प्रत्येक संगणकाने तेच हुकूम त्याच क्रमाने, काही अंतराने ठरलेल्या पाळीत अमलात आणावयाचे, आणि संपूर्ण जगाचा हिशेब आपल्या आपण करावयाचा. दूरदूरच्या गावच्या कुळकर्ण्यांनी एकाच हुकमाबरहुकूम आपापले दप्तर लिहावे आणि वर्षअखेरीस सर्व दप्तरे अक्षरशः एकसारखी निघावीत, अशी ही अपेक्षा आहे. कोणी कोणाचे दप्तर पाहत नाही, फक्त अधूनमधून बेरीज जुळते की नाही तेवढे विचारले जाते.

अशा व्यवस्थेत चूक किती क्षुल्लक ठिकाणी जन्म घेते, याचे उदाहरण त्याच निबंधात आहे. नकाशा तयार होताना एखादे हरीण एका संगणकावर किंचित निराळ्या जागी पडले, तर ते निराळ्या दिशेने चरू लागते, काही मिनिटांनी त्याच्यामागे जाणाऱ्या गावकऱ्याची वाट निराळी होते, त्याचा भाला चुकतो, अन्न कमी जमा होते, आणि तेथून पुढे दोन संगणकांवरील दोन इतिहास परस्परांपासून दूर जातात. खेळाडू यालाच डीसिंक म्हणतात, आणि तो झाला की डाव तेथेच मोडतो. दशांश अपूर्णांकांची आकडेमोड वेगवेगळ्या प्रोसेसरांवर आणि वेगवेगळ्या कंपायलरांच्या हाताखाली अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारखी येईलच असे नसते, म्हणून 'झिरो ए.डी.' या मुक्त खेळाने आपल्या जगाचा हिशेब ठरावीक स्थानांच्या अंकगणितावर बसविला आहे, तर 'स्प्रिंग' या इंजिनाने त्यासाठी खास गणिती संग्रह वापरला आहे.

मॉड या ठिकाणी येतो. एका खेळाडूच्या प्रतीत घोडेस्वाराचे बळ आठ आणि दुसऱ्याच्या प्रतीत नऊ असेल, तर पहिल्याच चकमकीत दोन्ही जगे विभक्त होतील. इतकेच नव्हे, तर आकडे सारखे असूनही मॉड वाचण्याचा क्रम निराळा असेल तरीही तसेच होऊ शकेल. आणखी सूक्ष्म अडचण लिपी लिहिणाऱ्या मॉडांची असते. चेक प्रजासत्ताकातील वुबे या संस्थेच्या 'फॅक्टोरिओ'मध्ये, जो कारखाना उभारण्याचा खेळ असला तरी त्याची व्यवस्था याच जातीची आहे, मॉडने आपली स्मृती खेळाने नेमून दिलेल्या जागी न ठेवता अन्यत्र ठेवली, तर डाव चालू असताना मागाहून सामील झालेल्या खेळाडूला ती स्मृती मिळत नाही आणि त्याचे जग तत्काळ वेगळे पडते. मॉड निर्दोष दिसतो, एकट्याने खेळताना वर्षभर कुरकुर करीत नाही, आणि दुसरा माणूस येताच कोसळतो. मॉड रचणाऱ्यांच्या अनेक तक्रारी याच स्वरूपाच्या असतात.

प्रचलित वहिवाटी

या अडचणीतून निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. पॅराडॉक्स या स्वीडिश संस्थेच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ४', 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' इत्यादी खेळांत नियमांच्या फाइलींवरून चार अक्षरांचा एक चेकसम काढला जातो आणि तो पहिल्याच पडद्यावर दिसतो. सर्वांची चार अक्षरे जुळली तरच एकत्र खेळता येते. केवळ चित्रे किंवा ध्वनी बदलणारा मॉड ही अक्षरे बदलीत नाही, त्यामुळे त्यास सहखेळात आडकाठी नसते. या पद्धतीचा गुण तिचा साधेपणा हा आहे. तिचा दोष असा, की अक्षरे जुळली नाहीत तर दोष कोठे आहे हे ती सांगत नाही. 'कायझररिच'सारखा प्रचंड मॉड घेऊन दहाबारा जण आठवड्यातून एकदा जमतात, आणि एखाद्याची प्रत किंचित जुनी असल्यामुळे पहिला तास केवळ जुळवाजुळवीत जातो, हा अनुभव अशा मंडळ्यांत सार्वत्रिक आहे.

दुसरी वाट 'सुप्रीम कमांडर' या २००७ च्या खेळाची. तेथे मॉडांचे दोन वर्ग मुळातच केले आहेत: जगाचा हिशेब बदलणारे मॉड, जे सर्वांजवळ असलेच पाहिजेत, आणि केवळ खेळाडूच्या पडद्याची मांडणी बदलणारे मॉड, जे ज्याने त्याने आपापल्या इच्छेने वापरावेत. अधिकृत सेवा बंद पडल्यावर खेळाडूंनीच उभारलेल्या 'फोर्ज्ड अलायन्स फॉरएव्हर' या व्यवस्थेने हाच भेद कायम ठेवला आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या २०१९ च्या आवृत्तीतही होस्ट डावापुरता एक नियम-मॉड निवडतो, आणि दृश्य मॉड मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र राहतात.

तिसरी वाट सर्व्हरच्या अधिकाराची. 'प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन' या २०१४ च्या खेळात जगाचा हिशेब सर्व्हर एकट्याने करतो आणि खेळाडूंना केवळ परिणाम कळवितो; सर्व्हरवरील मॉड पाहुण्यांकडे आपोआप जातात. डीसिंक ही व्याधी येथे जवळपास नाहीशी होते, पण सर्व्हर चालविण्याचा भार आणि खर्च कोणीतरी उचलावा लागतो.

चौथी वाट ज्यास वाट म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा अशी आहे, कारण येथे निर्मात्याने सहखेळ दिलेलाच नाही आणि तो खुद्द एका मॉडने आणला आहे. 'रिमवर्ल्ड' हा खेळ एकट्याने खेळण्यासाठी रचलेला. चाहत्यांनी त्यात मल्टिप्लेअरचा मॉड घातला, आणि ज्या खेळाचा हिशेब कधी दुसऱ्या संगणकाशी जुळविण्याच्या उद्देशाने लिहिलेलाच नव्हता तो जुळवून दाखविला. साहजिकच इतर प्रत्येक मॉड या व्यवस्थेशी सुसंगत आहे की नाही, हे एकेक करून तपासावे लागते आणि तशा याद्या ठेवाव्या लागतात. इतके अवघड काम केवळ मित्रांसह खेळता यावे या इच्छेपोटी लोक विनामूल्य करतात, याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

पक्ष आणि त्यांची बाजू

सहखेळातील मॉडांवर मर्यादा घालू इच्छिणाऱ्या निर्मात्यांची बाजू अनेकदा केवळ आडमुठेपणाची समजली जाते, ते न्याय्य नाही. खेळ मोडला की तक्रार मॉड रचणाऱ्याकडे जात नाही, ती निर्मात्याच्या दारी येते. आणि मॉड काढून टाकून पुन्हा पाहा, एवढे सांगण्यातच साहाय्य देणाऱ्यांचा वेळ खर्ची पडतो. शिवाय मॉडांना दिलेली मुभा हे एक वचन असते: ज्या फाइली आज उघड्या ठेवल्या, त्यांची रचना उद्या बदलावयाची झाल्यास शेकडो मॉड एका रात्रीत निकामी होतात. २००९ मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'च्या एका पॅचने लिपीतील एक धोकादायक फट बुजविली, तेव्हा तिच्यावर विसंबलेले अनेक जुने नकाशे बंद पडले. फट बुजविणे आवश्यकच होते, तरी नुकसानही खरेच होते. अधिकृत विस्तार विकून उपजीविका करणाऱ्या संस्थेला विनामूल्य मॉडांची स्पर्धा वाटते, हा हेतूही असू शकेल, परंतु तोच एकमेव हेतू आहे असे मानण्यास आधार नाही.

मुक्ततेच्या पक्षाचे म्हणणे असे, की हे खेळ दीर्घायुषी झाले ते मॉडांमुळे आणि मित्रमंडळींमुळे, आणि या दोहोंची फारकत करणे म्हणजे दोहोंचे बळ अर्धे करणे होय. या पक्षाचा सर्वांत सबळ दाखला 'एज ऑफ एम्पायर्स २'चा आहे. १९९९ चा हा खेळ मूळ संस्थेने केव्हाच सोडून दिलेला असताना चाहत्यांनी 'फरगॉटन एम्पायर्स' हा मॉड रचला. तोच २०१३ मध्ये अधिकृत विस्तार झाला, आणि त्या मंडळींची संस्था आज या मालिकेच्या विस्तारांची निर्माती आहे. मधल्या काळात नवे विस्तार एका सेवेवर आणि जुने निष्णात खेळाडू 'वूब्ली' या दुसऱ्या सेवेवर अशी फाळणी झाली, तेव्हा 'वोलोलोकिंग्डम्स' या मॉडने नवे विस्तार जुन्या खेळात आणून तीही सांधली. २०२२ मध्ये त्याच संस्थेने 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा विस्तार काढला आणि तोवर एकाच 'इंडियन्स' या नावाखाली कोंबलेल्या भारतीय राज्यांची हिंदुस्थानी, बंगाली, द्राविड आणि गुर्जर अशी विभागणी केली.

या ठिकाणी मराठी खेळाडूच्या मनात येणारा एक विचार नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. 'एम्पायर: टोटल वॉर' या २००९ च्या खेळात मराठा राज्यमंडळ ही खेळता येण्याजोगी सत्ता आहे, आणि 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'मध्ये मराठी संस्कृतीच्या राज्यातून मराठा राष्ट्र उभारता येते. अशा ठिकाणी आपल्या इतिहासाचे चित्रण अपुरे वाटले, तर परदेशी निर्मात्याकडे दरख्वास्त करून वाट पाहत बसण्याऐवजी ते स्वतः दुरुस्त करण्याचे साधन मॉडने खेळाडूच्या हाती दिले आहे. पण ही दुरुस्ती सहखेळात चालणार नसेल, तर ती एकट्याच्या खोलीतच राहते, आणि इतिहासाची चर्चा मात्र चारचौघांत व्हावयाची असते. मुक्ततेच्या पक्षाकडे माझा कल झुकतो तो बव्हंशी याच कारणाने.

स्पर्धात्मक खेळाडूंचा पक्ष मॉडांच्या विरुद्ध आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. त्यांना नियमांची स्थिरता हवी असते, आणि निर्मात्याने खेळ सोडून दिला किंवा तोल साधण्याकडे दुर्लक्ष केले, की ती स्थिरता मॉडच देतो. 'सिव्हिलायझेशन ६'च्या गंभीर सहखेळात 'बेटर बॅलन्स्ड गेम' या मॉडचा स्वीकार याच गरजेतून झाला. एकट्याने खेळताना गमतीचा वाटणारा असमतोल आठ जणांच्या डावात अन्याय ठरतो, आणि तो दूर करण्यासाठी खेळाडूंच्याच एका गटाने नियमांत फेरफार करून ते इतरांनी मान्य करावयाचे, असा हा व्यवहार आहे. येथे मॉडला जवळजवळ कायद्याचे रूप येते. त्याचे दुरुस्तीपत्रक निघते, त्यावर वाद होतात, असंतुष्टांचे पोटगट पडतात. निर्मात्याच्या अधिकाराविरुद्ध आरंभलेली स्वायत्तता स्वतःचा अधिकारीवर्ग निर्माण करते, आणि त्या वर्गाला निवडले कोणी हा प्रश्न अद्याप कोणी नीट विचारलेला नाही.

चित्रे बदलणे आणि लाभ मिळविणे

नियम-मॉड सर्वांचे आणि दृश्य-मॉड ज्याचे त्याचे, हा भेद तंत्रदृष्ट्या स्वच्छ आहे, न्यायदृष्ट्या तितका स्वच्छ नाही. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये झाडे आखूड दाखविणारा मॉड अतिशय लोकप्रिय आहे. त्याने जगाच्या हिशेबात काडीचाही फरक पडत नाही, तरी उंच वृक्षांच्या आड दडलेले पथक आणि जंगलातली अरुंद वाट ज्याला सहज दिसते, त्याला न दिसणाऱ्यावर वरचढ होता येते. मॉड सर्वांस विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे समान संधी आहे, असे एक मत. निर्मात्याने योजलेला अरण्याचा गुणच त्यामुळे नष्ट होतो, असे दुसरे. व्यवहारात पहिल्या मताचा जय झालेला दिसतो.

याच्या पलीकडची पायरी अधिक गंभीर आहे. वर वर्णन केलेल्या पद्धतीत प्रत्येक संगणकाजवळ संपूर्ण जगाचा हिशेब असतो. शत्रूच्या हालचाली पडद्यावर झाकलेल्या असल्या तरी स्मृतीत उघड्याच असतात. तेव्हा केवळ पडद्याची मांडणी बदलतो असे सांगणारा मॉड नेमकी कोणती माहिती वर आणतो आहे, हे चेकसम सांगू शकत नाही. उपयुक्त सोय कोठे संपते आणि लबाडी कोठे सुरू होते, ही सीमारेषा प्रत्येक समूहाने आपापल्या दस्तुराने आखली आहे, आणि त्या रेषा परस्परांशी जुळत नाहीत.

मालकी आणि मोबदला

'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स'च्या 'डोटा' या संक्षिप्त नावावर, 'डोटा २' काढणाऱ्या व्हॉल्व्ह या संस्थेने हक्क सांगितला तेव्हा ब्लिझर्डने हरकत घेतली, आणि २०१२ च्या मे महिन्यात उभयतांत तडजोड झाली. व्यापारी उपयोग व्हॉल्व्हकडे गेला, ब्लिझर्डच्या खेळातील चाहत्यांच्या नकाशांना मात्र ते नाव वापरण्याची मुभा राहिली. ज्या नकाशाने हा तंटा निर्माण केला त्याचे रचनाकार अनेक होते, आणि तह झाला तो दोन संस्थांमध्ये. २०२० च्या जानेवारीत 'वॉरक्राफ्ट ३: रीफोर्ज्ड' आला, तेव्हा त्यासोबतच्या नियमावलीत खेळाडूंनी रचलेले सर्व डाव ब्लिझर्डच्याच एकमेव मालकीचे राहतील असे कलम होते. पुन्हा तसा मोठा खेळप्रकार आपल्या अंगणात जन्मून परक्या घरी जाऊ नये, हा त्यामागचा उद्देश उघड आहे. पण इतक्या कडक अटीवर प्रतिभावान रचनाकार आपली नवी कल्पना त्या अंगणात कशाला आणील, हा प्रतिपक्षाचा सवाल अनुत्तरित राहिला आहे. याच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, 'डोटा २'मधील 'ऑटो चेस' या चाहत्यांच्या डावाने एक नवीन प्रकार प्रचारात आणला, आणि काही महिन्यांतच त्या धर्तीवर 'टीमफाइट टॅक्टिक्स' आणि 'डोटा अंडरलॉर्ड्स' हे दोन मोठ्या संस्थांचे खेळ निघाले. कल्पनेवर स्वामित्व नसते, तेव्हा यात बेकायदा काही नाही. श्रमाचा मोबदला कोणास मिळावा हे मात्र ठरलेले नाही.

२०१५ च्या एप्रिलमध्ये व्हॉल्व्हने 'स्कायरिम' या निराळ्या जातीच्या खेळासाठी मॉड विकण्याची योजना काढली होती, ज्यात रचनाकाराच्या वाट्याला २५ टक्के येत. तीव्र निषेधामुळे ती काही दिवसांतच मागे घेण्यात आली. डावपेचांच्या खेळांत विक्रीचा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण सहखेळात एकाने विकत घेतलेला मॉड बाकीच्या सात जणांनीही विकत घ्यावा की काय, हे ठरवावे लागते. मोबदल्याचा सर्वांत सन्मान्य मार्ग अद्याप तरी नोकरी हाच दिसतो: 'फॅक्टोरिओ'मधील 'स्पेस एक्सप्लोरेशन' हा मॉड रचणाऱ्या कलावंताला वुबेने आपल्याकडे घेतले आणि २०२४ चा 'स्पेस एज' हा विस्तार त्याच्या सहभागाने तयार झाला.

परक्या कोडवरील विश्वास

लॉबीत शिरताच होस्टकडून मॉड आपोआप यावा, ही सोय जितकी मोठी तितकाच तिच्यातला विश्वासही मोठा आहे. २०२३ मध्ये अवास्ट या सुरक्षासंस्थेच्या अभ्यासकांनी 'डोटा २'मधील चाहत्यांचे काही घातक डाव उघडकीस आणले, ज्यांत खेळात वापरलेल्या जावास्क्रिप्ट इंजिनातील जुन्या, न बुजविलेल्या फटीचा गैरफायदा घेतलेला होता. लिपीला कुंपण घालून तिला फाइली आणि जाळे यांना स्पर्श करू न देणे हा सर्वमान्य उपाय आहे. पण 'रिमवर्ल्ड'सारख्या खेळात मॉड म्हणजे पूर्ण अधिकाराचा प्रोग्रॅमच असतो, आणि तेथील मॉडांचे सामर्थ्य त्या अधिकारातूनच येते. कुंपण जितके बंदिस्त, तितकी निर्मिती मर्यादित. हा व्यवहार प्रत्येक संस्थेला करावाच लागतो.

अनिर्णित राहिलेले

तंत्राच्या बाजूने पाहता, सहखेळात मॉड चालू शकत नाहीत हा जुना आक्षेप आता टिकणारा नाही. फ्रीसिव्हपासून फॅक्टोरिओपर्यंतच्या उदाहरणांनी तो निकालात काढला आहे. खरा अनिर्णित प्रश्न प्रतींच्या जतनाचा आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. व्हॉल्व्हच्या स्टीम या सेवेवरील वर्कशॉप या मॉडभांडाराची मूळ रीत मॉडची नवीनतम प्रत सर्वांना पोचविण्याची. एकट्या खेळाडूस ती सोयीची, परंतु ज्यांचा सामायिक डाव तीन महिने चालला आहे त्यांना ती घातक, कारण मॉडच्या लेखकाने मध्येच एखादा आकडा सुधारला तर कोणाची प्रत बदलते, कोणाची बदलत नाही, आणि जपून ठेवलेला डाव उघडेनासा होतो. फॅक्टोरिओच्या मॉडभांडारात जुन्या प्रती राहतात, जपलेल्या डावात कोणत्या मॉडची कोणती प्रत होती याची नोंद असते, आणि त्या नोंदीबरहुकूम सर्व मॉड जुळवून घेता येतात. या पद्धतीत मला तरी काही उणे दिसत नाही. इतरांनी ती का स्वीकारली नाही याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

कन्सोलचा प्रश्नही उघडाच आहे. तेथे परका कोड चालविण्याची मुभा सहसा नसते, आणि संगणक व कन्सोल यांवरील खेळाडूंनी एकत्र खेळावे अशी इच्छा वाढत असल्यामुळे, सर्वांना सामावून घेण्यासाठी मॉड वर्ज्य करावेत की मॉड राखून काहींना बाहेर ठेवावे, अशी निवड करावी लागते.

जतनाच्या प्रश्नाची दुसरी बाजू सेवांच्या आयुर्मानाची. २०१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस गेमस्पाय ही सेवा बंद झाली तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी खेळांचा सहखेळ एकदम थांबला, आणि त्यांपैकी काहींचा तो त्यांच्या कर्तबगार मॉडसमूहांनी पुन्हा चालू केला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये 'कमांड अँड कॉन्कर'च्या नव्या संग्रहाबरोबर दोन जुन्या खेळांच्या गाभ्याचा मूळ मजकूर मुक्त परवान्याखाली दिला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत 'जनरल्स' व 'झीरो अवर' यांचाही दिला. मजकूर हाती आल्यावर डीसिंकचे मूळ शोधणे, सहखेळ नव्या सेवेवर बसविणे आणि मॉडांना अधिकृत जागा करून देणे ही कामे खेळाडूंना स्वतः करता येतात. परंतु खेळाची चित्रे, संगीत आणि नावे यांवरील हक्क संस्थेकडेच राहतात. आणि मुक्त मजकुरातून उभ्या राहिलेल्या दोनतीन निरनिराळ्या आवृत्त्यांपैकी कोणती प्रत सामायिक डावासाठी प्रमाण मानावयाची, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी त्या समूहांतही अजून एकवाक्यता झालेली नाही.